अरितला सोडण्याचा अधिकार

"परक्या बाईच्या हातून बाळंतपण करून घेऊ नकोस. आज ती तुझं पोट चोळेल, उद्या तुझं घर पोखरेल," असं म्बाफो आजीने उलोमाला बजावलं होतं, आणि उलोमाने ते हसण्यावारी नेलं होतं.

न हसून करते काय? म्बाफो आजी म्हणजे तिच्या नवऱ्याची, मडुकाची, आत्या. उमुओबारा गावात जन्मलेल्या सगळ्या लेकींमध्ये वयाने थोरली, त्यामुळे तिच्या शब्दापुढे भल्याभल्यांची मान खाली जायची. तिचे हात सांधेदुखीने आखडले होते, नाहीतर तिनेच सगळं केलं असतं. सासू कधीच गेलेली. उलोमाची आई नायजर नदीच्या पलीकडे, शत्रूने घेतलेल्या मुलखात अडकलेली. मडुका इंधन खात्यात. कुठल्याशा जंगलात पिंपांमध्ये कच्चं तेल उकळून पेट्रोल काढत होता, आणि त्याची चिठ्ठी महिना-महिना येत नसे. आणि ओमुग्वो तर चुकवून चालत नाही. बाळंतिणीला कढत पाण्याने शेकायला, तिखट रस्सा पाजायला, बाळाला न्हाऊमाखू घालायला आईच्या जागी कुणीतरी घरात येऊन राहावंच लागतं. आली ती अरित.

अरित उलोमाच्याच कचेरीत, सरकारी संचालनालयात, टंकलेखिका होती. विधवा, चाळिशीची, आणि या इग्बो गावात परकी, इबिबिओ जमातीची. तिचा मुलूख शत्रूने घेतला तेव्हा तिच्या लोकांनी शत्रूला ताडी पाजली, अशी कुजबुज होती. खरं-खोटं कुणी बघितलं? अरित मात्र आपलं टंकलेखन यंत्र डोक्यावर घेऊन सरकारच्या मागोमाग चालत उमुओबाराला आली होती. इग्बो ती चांगलं बोलायची, फक्त वाक्यातला शेवटचा शब्द गिळायची. तेवढ्यावरूनही बाजारातल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या.

नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचं सरकार तेव्हा शाळांमध्ये राहत असे. एक राजधानी पडली की दुसरी, दुसरी पडली की तिसरी, आणि प्रत्येक वेळी खाती लॉऱ्यांत भरून पुढच्या शाळेत. उमुओबाराच्या शाळेत पहिलीच्या वर्गात न्याय खातं, तिसरीच्या वर्गात अन्न, मास्तरांच्या खोलीत संचालक ओझुरुंबा साहेब. भिंतीवर पाढे तसेच होते. विमानाला पत्रे चमकताना दिसू नयेत म्हणून छपरावर झावळ्या अंथरलेल्या, त्यातून सरडे सरकारी कागदांवर पडत.

बाळंतपणानंतर उलोमा कामावर परतली तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं.

"तू राज्यशास्त्र शिकलीस ना? मग आता उपयोग कर. क्रांती झाली म्हणतात, तर क्रांतीला नियम पाहिजेत. गावोगाव जनसमित्या नेमायच्या आहेत. कुणी कुणाला पकडायचं, ते लिहून काढ. परवा इंधन खात्याच्या माणसाने अन्न खात्याच्या माणसाला पकडलं, आणि मिलिशियाने त्या दोघांना."

"मग सोडवलं कुणी?"

"कुणी नाही. दोघं अजून आतच आहेत. म्हणून तर नियम हवेत!"

उलोमाने मन लावून लिहिलं. विद्यापीठात वाचलेलं सगळं तिने त्या कागदांत ओतलं. समितीत कोण असावं, साक्ष कशी घ्यावी, आरोपीला बोलू द्यावं. सातवं कलम तिचं लाडकं होतं: संशयिताला गावसमितीने ताब्यात घ्यावं, पण शिक्षा करू नये आणि सोडूही नये, त्याच दिवशी प्रांताला कळवावं, निकाल प्रांताच्या न्यायालयाने द्यावा. गावाच्या तापल्या डोक्यांवर हे झाकण हवंच, असं तिला वाटत होतं.

अरितने ते कलम स्टेन्सिलवर उतरवताना बोटं थांबवली. "सोडायलाही वरची परवानगी?"

"हो मग. नाहीतर गावातला बडा मामा आपल्या भाच्याला लगेच सोडवून नेईल."

"आणि जिला गावात मामाच नाही?"

"तिला न्यायालय आहे, अरितताई."

"बरं बाई," असं म्हणून अरितने पुढची ओळ घेतली.

खरं सांगायचं तर तोवर उलोमाच्या मनातही एक किडा शिरला होता. तो रश्श्यातून शिरला. गावात मिठाचा खडा दिसेनासा झाला होता. लोक केळीच्या सालींची राख पाण्यात गाळून तेच पाणी भाजीत घालत, आणि तोंड वाकडं करून गिळत. अरितच्या रश्श्यात मात्र मीठ असायचं. अळकुडीचे मऊ तुकडे, झणझणीत मिरी, आणि जिभेला नीट कळणारं खरं मीठ. उलोमा ती वाटी संपवायची, दूध उतरायचं, तान्ही अनुली पोटभर पिऊन झोपायची. मग उलोमा बाळाच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायची आणि विचार करायची, ही मीठ आणते कुठून? अरित अधूनमधून भल्या पहाटे कमरेला गाठोडं बांधून जंगलाच्या वाटेने जायची आणि ऊन चढायच्या आत परत यायची. उलोमाने कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, आणि उत्तर मिळालं तर मीठ बंद होईल. ती पाहत मात्र राहिली. अरितच्या पायांना लागलेला चिखल कुठल्या रंगाचा आहे हेसुद्धा ती पाहायची, कारण ओढ्यापलीकडची माती तांबडी होती आणि ओढ्यापलीकडे शत्रू होता.

अशात दर चार दिवसांनी भरणाऱ्या न्क्वोच्या बाजारावर बाँब पडला.

बाजार मुद्दाम झाडीत हलवला होता. नवी जागा गुप्त होती. आदल्या दिवशी दवंडी पिटून गावाला सांगितली, इतकीच गुप्त. तरी विमान थेट तिथेच आलं. गेलेल्यांची नावं म्बाफो आजीच्या अंगणात एकामागून एक आली आणि प्रत्येक नावासरशी कुणीतरी बाई जमिनीवर लोळण घ्यायची. मग रडणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. जागा सांगितली कुणी? बाजाराचा हुकूम टाईप केला कुणी?

संध्याकाळच्या आत जनसमितीने अरितला सुरणाच्या कोठारात कोंडलं.

समितीचा अध्यक्ष होता इबेकवे, चर्चमध्ये धडे देणारा, गळ्याचं बटण उन्हातही लावणारा. "घाबरू नका, आमची बायको," तो उलोमाला म्हणाला. गावात आलेल्या सुनेला सगळे भाऊबंद 'आमची बायको' म्हणतात, बायकासुद्धा. "सगळं तुमच्याच नियमाने चाललंय."

उलोमा बाळ पाठीला बांधून शाळेत धावली. पहिलीच्या वर्गातले न्याय खात्याचे गृहस्थ म्हणाले, "हेरगिरी म्हणजे लष्कराची बाब." आंब्याखाली बसलेला लष्कराचा माणूस म्हणाला, "बाई नागरिक आहे, न्याय खात्याकडे जा." ती म्हणाली, "तिकडूनच आले." तो म्हणाला, "मग बरोबर दिशेने चाललाय, परत जा." आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

ओझुरुंबा साहेबांनी दार लावून घेतलं. "हळू बोल. तुझं बाळंतपण तिनेच केलं ना? हे आज किती जणांना आठवतंय, कल्पना आहे? तू बाजाराला का गेली नव्हतीस, असंही विचारतायत."

बाजाराच्या सकाळी अरितच म्हणाली होती, "आज नको जाऊस. पोरीचं अंग कोमट लागतंय." उलोमाला तेव्हा काही कोमट लागलं नव्हतं. ती घरी थांबली आणि वाचली.

"समितीने काही सापडलं नाही असं म्हटलं तर?" तिने विचारलं.

"तर बघू," साहेब म्हणाले. हे 'बघू' तिला मुळीच आवडलं नाही, पण दुसरं हातात काही नव्हतं.

त्या दिवसापासून तिला कुणावरच भरवसा उरला नाही. पाणी भरणाऱ्या बायका तिला बघून गप्प झाल्या की तिला वाटे, आपल्याबद्दलच चाललंय. बोलत राहिल्या की वाटे, आपल्याला ऐकवण्यासाठीच बोलतायत. अरितसाठी ती कोठारापाशी भाजलेली अळकुडी घेऊन गेली तेव्हा फटीतून अरितने बोटं बाहेर काढली.

"अनुलीचा ताप?"

"उतरला. बाजाराच्या दिवशी दुपारी खूप चढला होता." हे म्हणताना उलोमा फटीकडे डोळे लावून होती. "ताई, तुम्हाला सकाळीच कसं कळलं?"

बोटं आत ओढली गेली. "दोन लेकरं पुरलीत मी, पोरी. हात लावला की कळतं." मग हलक्या आवाजात, "तूही संशय घेतेस?"

अळकुडी आत सरकवून ती निघून आली.

बैठक झाडाखाली भरली. इबेकवेने बैठकीच्या रीतीप्रमाणे कोलाची बी फोडून वाटली, देवाचं नाव घेतलं आणि उलोमाचे नियम मोठ्याने वाचले. लोकांनी ते चर्चमधल्या वाचनासारखे खाली माना घालून ऐकले. अरितला आणून मध्ये बसवलं. तिच्या केसांत कोठारातला भुसा होता.

"आमची बायको," इबेकवे म्हणाला, "बाँब पडला त्या दिवशी तुम्ही बाजारात का नव्हता?"

खोटं बोलणं सोपं होतं. पाय मुरगळला, दूध दाटलं, काहीही चाललं असतं. पण म्बाफो आजीचं अंगण उलोमाच्या दारासमोरच होतं. अरितने तिला उंबऱ्यातून परत वळवलं ते आजीने पाहिलं होतं. आणि म्हातारी आत्ता समोर, काठीवर हनुवटी टेकून, बारीक डोळे करून बसली होती.

"अरितताई म्हणाल्या, बाळाचं अंग कोमट आहे, जाऊ नकोस," उलोमा म्हणाली.

सभेतून उसासा उठला. कुणीतरी म्हणालं, "बघा! तिला ठाऊक होतं!"

"बाळ खरंच तापलं," उलोमा आवाज चढवून म्हणाली. "दुपारी तुमच्याच घरातून पानं आणली मी, काढ्याला. विचारा तुमच्या बायकोला, इबेकवे. तिनेच बाळाच्या कपाळाला हात लावून बघितलं."

इबेकवेची बायको मान हलवत म्हणाली, "तापलं होतं. चुलीवरच्या तव्यासारखं."

"असेल," म्बाफो आजी म्हणाली. तिचा आवाज आला की बाकीचे थांबत. "ताप असेल. पण मीठ? हिच्या रश्श्यात मीठ असायचं. अख्ख्या गावात नाही आणि हिच्या रश्श्यात आहे. शत्रूशिवाय आज मीठ देतं कोण?"

हाच तो प्रश्न, जो उलोमाने महिनोन्‌महिने गिळला होता. अरितने मान वर केली नाही. बाळ पाठीवर चुळबुळलं. उलोमाला एकाएकी राग आला. अरितचा की स्वतःचा, तिला सांगता आलं नसतं.

"आजी, रश्श्यात मीठ असायचं हे तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? चाखला की मी!"

"चाखला? बाळ बघायला आलात तेव्हा वाटी बोटाने पुसून घेतलीत. वर म्हणालात, परकी आहे पण हाताला चव आहे."

बायकांमध्ये खुसखुस झाली. आजीने काठी आपटली, पण तिच्याही ओठाची कड हलली.

"आणि अध्यक्ष," उलोमा थांबायला तयार नव्हती, "बाळाचं नाव ठेवायला आलात तेव्हा प्रार्थना आटोपती घेतलीत आणि रस्सा दुसऱ्यांदा मागितलात. तेव्हा नाही विचारलंत, मीठ कुठलं?"

"मी पाहुणा होतो," इबेकवे गळ्याचं बटण चाचपत म्हणाला. "पाहुण्याने असं विचारू नये."

आता उघड हसू फुटलं. मागून एक म्हातारा ओरडला, "मग सगळ्यांनाच कोठारात टाका! मीही प्यालोय!"

तेव्हा अरित बोलली. नवऱ्याचं घड्याळ होतं, ते दिलं. कानातलं होतं, ते दिलं. ओढ्यापाशी ज्या बायका युद्धरेषेपलीकडच्या बाजारात जीव मुठीत धरून जाऊन येतात, त्यांच्याकडून मीठ घेतलं. "त्या बायका कुणाच्या, ते विचारू नका," ती म्हणाली, "त्या इथेच बसल्यायत." झाडाखाली एकही बाई जागची हलली नाही, आणि एकाही पुरुषाने आपल्या बायकोकडे पाहिलं नाही.

शेवटी म्बाफो आजी काठीच्या आधाराने उभी राहिली.

"हिने आमच्या घरचं ओमुग्वो केलं. आमची नात हिच्या मांडीवर न्हाली. आम्ही तिचा रस्सा प्यालो आणि तिला ना कापड दिलं, ना साबण, ना निरोप. अशी बाई म्हणजे आमची विहीण, आणि विहीण आम्ही सुरणाच्या कोठारात ठेवली! उद्या दुसऱ्या गावाला कळलं तर या गावच्या लेकींना कोण पाण्याचा तांब्या देईल?" ती अरितकडे वळली. "मला तू आवडत नाहीस हो. अजूनही नाही. पण विहीण आवडावी असं कुठे लिहिलंय?"

मग सगळं भराभर झालं. आजीने ट्रंकेतून जपून ठेवलेलं जोडकापड आणवलं. कुणी साबणाचा तुकडा दिला, कुणी सुकी मासळी. रीतीप्रमाणे मीठही द्यायला हवं होतं, तेवढं मात्र कुणाकडून आलं नाही. यजमानिणी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि पहिल्यांदा अरितच हसली. तिने नवं कापड जुन्यावरच गुंडाळलं. अनुलीला घेतलं, नाकाला नाक लावलं.

जीप आली ती तेव्हाच.

तिच्यातून उतरलेला अधिकारी कोवळा होता, उलोमाच्या धाकट्या भावाएवढा, बूट मात्र मोठ्या माणसाचे. प्रांताच्या न्यायालयाने पाठवलं होतं. इबेकवे पुढे झाला. समितीला काही सापडलं नाही, बाई सुटली, गावाची विहीण आहे.

"सुटली? समितीला तो अधिकार नाही. ज्या दिवशी पकडलं त्याच दिवशी तुम्ही आम्हाला कळवलंत. आता ही आमची."

"नियमाप्रमाणे कळवलं," इबेकवे पुटपुटला. "त्याच संध्याकाळी."

उलोमा जीपच्या दारात आडवी झाली. "ते कलम मी लिहिलंय! गावाने उगाच कुणाला मारू नये म्हणून लिहिलंय. सोडू नये म्हणून नव्हे!"

"मग तुम्हाला पाठ असेलच," अधिकारी म्हणाला. त्याचा स्वर उद्धट नव्हता, हेच तिला जास्त झोंबलं.

म्बाफो आजीने त्याला सात पिढ्यांचे शाप दिले. गावच्या लेकी रस्त्यावर बसल्या. असल्या बसण्यापुढे पूर्वी भांडणाऱ्या वाड्या भाले खाली ठेवत. पोरगा घामाघूम झाला, पण त्याच्या मागे बंदुका होत्या, आणि बंदुका दुसऱ्या मुलखातल्या होत्या, त्यांना या आजी कोण ते ठाऊक नव्हतं. अरितनेच शेवटी बाळ उलोमाच्या हातात दिलं. "उगाच कुणाला लागेल. न्यायालय आहे ना? तू म्हणालीस ना, आहे म्हणून." हे ती टोचून म्हणाली की धीर द्यायला, उलोमा आजही ठरवू शकत नाही.

ओझुरुंबा साहेबांनी पत्र लिहितो म्हणून सांगितलं. लिहिलंही असेल. लवकरच आघाडी कोसळली, खाती पुन्हा लॉऱ्यांत चढली, जे मावलं नाही ते शाळेच्या अंगणात जाळलं. मग एके सकाळी रेडिओने सांगितलं की आपला देश आता नाही.

मडुका परतला, काडीसारखा वाळून. ते आता एनुगूला राहतात. अनुली धावते, पडते, कुणाचंही बोट धरते. उलोमा ते बोट सोडवून घेते आणि मग त्या माणसाकडे कसनुसं हसते. त्या प्रांताच्या न्यायालयात बसणारे दोघं तिने शोधून काढले. एक म्हणाला, असं न्यायालय कधी नव्हतंच. दुसरा म्हणाला, होतं, पण इबिबिओ बाई कुणी आली नव्हती. दोघांनीही तिला बसायला खुर्ची दिली, थंड पेय दिलं, आणि ती पायऱ्या उतरेपर्यंत दारात उभे राहून बघत होते. एका ननने मात्र सांगितलं, कैद्यांना शेवटच्या गडबडीत मोकळं केलं, त्यात टंकलेखन येणारी एक बाई होती, ती आपल्या मुलखाकडे, इकोत एक्पेनेच्या रस्त्याला लागली. ननने हे खरं सांगितलं की उलोमाचा चेहरा बघून सांगितलं, कोण जाणे.

उलोमाने त्या बाजूला पत्रं पाठवली, उत्तर नाही. स्वतः जायचं तर तिचं इग्बो ऐकून तिकडे आता कुणी दार उघडत नाही. पूर्वी इकडे जे चालायचं तेच तिकडे. म्हणून ती तुम्हाला विचारते आहे. तुमच्यापैकी कुणी इकोत एक्पेनेच्या रस्त्याने गेलं, तर अरित उदोएकाँग नावाच्या बाईची जरा चौकशी कराल का? चाळिशी ओलांडलेली, टंकलेखन जाणणारी. बोलताना शेवटचा शब्द गिळते. बाजारात विचारू नका, लोक उगाच घाबरतात. घर सापडलं तर आत जा, बसा, आणि तिच्या चुलीवर काही शिजतंय का, तेवढं बघून कळवा.